कंस बंद केला आहे असे वाचावे

माणसाच्या हातून चूक होते, याबद्दल जगात दुमत नाही. ती चूक कोणी दाखवायची, याबद्दल मात्र सेवेचे नियम स्पष्ट आहेत. चूक नेहमी वरच्याने खालच्याची दाखवायची असते. खालच्याने वरच्याची दाखवली तर ती चूक राहत नाही, दाखवणाऱ्याचा उद्धटपणा होतो. बरोबरीच्याने बरोबरीच्याची दाखवली तर दोघांचा एकत्र चहा बंद होतो. या व्यवस्थेवर जालना जिल्ह्याचा कारभार (आणि ऐकिवात आहे की इतरही जिल्ह्यांचा) वर्षानुवर्षं सुरळीत चालला होता. अशात एका सोमवारी जुन्या जालन्यातल्या जिल्हा प्रपत्र पुरवठा कार्यालयात एक इंटरप्रिटर दाखल झाला आणि त्याने पहिल्याच दिवशी वरिष्ठ लिपिक तातेराव वाघुंडे यांची चूक दाखवली. तीही सगळ्यांसमोर आणि लाल अक्षरांत.

इंटरप्रिटर म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण कार्यालयालाही ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. संगणकाला काम सांगायची एक भाषा असते. त्या भाषेत आपण एक ओळ लिहायची. इंटरप्रिटर नावाची व्यवस्था ती ओळ वाचते, कळली तर संगणकाकडून काम करून घेते, आणि न कळली तर कितव्या ओळीत काय चुकलं ते तिथल्या तिथे सांगते. नवशिक्यांना हे फार सोयीचं पडतं म्हणतात. कार्यालयाने आपल्या अकरा कर्मचाऱ्यांत याबद्दल सर्वेक्षण केलं तेव्हा नऊ जणांचं मत पडलं की इंटरप्रिटर हे प्रतिनियुक्तीवर येणारे साहेब असून त्यांच्यासाठी खुर्ची, टेबल आणि पडदा लागेल. दहाव्याने ‘पडदा निळा असावा’ एवढंच लिहिलं. अकरावे कर्मचारी रजेवर होते (ते अजूनही आहेत).

जिल्हा प्रपत्र पुरवठा कार्यालयाचं काम साधं आणि थोर आहे. जिल्ह्यातल्या इतर सगळ्या कार्यालयांना लागणारे कोरे फॉर्म छापून पुरवायचे. फॉर्म भरून घेणं ही त्या कार्यालयांची जबाबदारी, तो तोपर्यंत कोरा ठेवणं ही यांची. कार्यालय धान्याच्या एका आडतीच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली हमाल दिवसभर तुरीची पोती उचलतात आणि वर दिवसभर त्या आवाजाचा त्रास होतो.

तर पोळा झाल्यावर आठवड्याभरात एक परिपत्रक आलं. ‘संगणकभाषा परिचय अभियानांतर्गत, पदोन्नतीस पात्र असणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या कार्यालयातील संगणकावर नवशिक्यांसाठीचा इंटरप्रिटर बसवून घ्यावा व स्वतः लिहिलेला किमान एका ओळीचा प्रोग्राम समितीसमोर चालवून दाखवावा. अन्यथा पदोन्नतीचा विचार करता येणार नाही.’ कार्यालयात पदोन्नतीला पात्र असा एकच माणूस होता. ते म्हणजे तातेराव.

तातेरावांची चौतीस वर्षं नोकरी झाली होती आणि नोव्हेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. त्याआधी त्यांना कार्यालय अधीक्षक व्हायचं होतं. त्यांना त्यातून फार काही मिळणार होतं असं नाही. पण वाटूरला त्यांचे साडू कल्याणराव राहत होते, आणि कल्याणराव दुसऱ्या एका कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. मांडव कुणाचाही असो, कल्याणराव चारचौघांत तातेरावांच्या खांद्यावर हात ठेवून ओळख करून देत, “हे आमचे साडू. लिपिक हायेत.” वरिष्ठ हा शब्द ते दर वेळी गाळत. तातेराव दर वेळी हसत आणि घरी येऊन न जेवता झोपत. त्यांच्या पत्नी गोजरबाई यांना याचं दुःख नवऱ्यापेक्षा जास्त होतं, कारण कल्याणरावांची बायको त्यांची सख्खी धाकटी बहीण होती आणि हळदीकुंकवाला तिला आधी बसवलं जाई. एवढ्यासाठी तातेराव एक ओळ लिहायला तयार होते. त्यांनी आयुष्यात पुष्कळ ओळी लिहिल्या होत्या.

इंटरप्रिटर बसवायला साधारण चार मिनिटं लागतात. कार्यालयाने हे काम सव्वीस दिवसांत पूर्ण केलं. कुणी याला दिरंगाई म्हणेल, म्हणून तपशील देतो. पहिल्याच पडद्यावर ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ असं एक बटण आलं. हे बटण लिपिकाने दाबणं म्हणजे कार्यालयाच्या वतीने धोरणात्मक निर्णय घेणं, हे तातेरावांच्या लगेच लक्षात आलं आणि त्यांनी फाइल कार्यालयप्रमुख राधेश्याम साहेबांकडे पाठवली. साहेबांनी त्यावर ‘चर्चा करावी’ असं लिहिलं. कोणाशी, हे लिहिलं नाही (चर्चेच्या फाइलीवर तसं लिहायची पद्धत नाही). अकरा दिवस ते बटण पडद्यावर तसंच उभं होतं आणि प्रकरण प्रलंबित असल्यामुळे संगणक बंद करता येत नव्हता. बाराव्या दिवशी वीज गेली, बटण गेलं, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. पुढचा पेच जागेचा होता. इंटरप्रिटर संगणकाच्या कोणत्या भागात बसवायचा असं यंत्राने विचारलं. त्याने सुचवलेला भाग आस्थापना शाखेच्या ताब्यात होता, आणि आस्थापनेवाल्यांनी ‘आमच्या भागात बाहेरची भाषा नको’ असा लेखी आक्षेप घेतला. शेवटी साहेबांच्या मध्यस्थीने आस्थापनेने आपली एक रिकामी जागा करारावर दिली.

या सगळ्या काळात फरहाना गप्प होती. फरहाना म्हणजे कार्यालयातली कंत्राटी संगणक चालक. मंगळबाजाराच्या अलीकडच्या गल्लीत घर, वय चोवीस, आणि इंटरप्रिटर म्हणजे काय हे माहीत असलेली कार्यालयातली एकमेव व्यक्ती. तिचं पद कंत्राटी असल्यामुळे तिचं मत सर्वेक्षणात धरलेलं नव्हतं.

सत्ताविसाव्या दिवशी मॉनिटरला हार घालून, नारळ फोडून, इंटरप्रिटर सुरू करण्यात आला. काळ्या पडद्यावर उजवीकडे तोंड करून तीन बाण उमटले. बाण उजवीकडे का, यावर थोडा वेळ विचार झाला. उजवीकडे राधेश्याम साहेबांचं केबिन होतं. तेव्हा प्रकरण आधी साहेबांकडे जावं असाच यंत्राचा अभिप्राय असणार, असं तातेरावांनी ताडलं आणि ते उठून केबिनमध्ये जाऊन आले. साहेबांनी ‘पाहिले’ म्हणून सही केली. मग तातेरावांनी चष्मा पुसून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत आपली ओळ लिहिली.

प्रिंट("नमस्कार जालना"

आणि एंटर दाबलं. पडद्यावर तीन टिंबं उमटली.

तीन टिंबांचा अर्थ असा की ओळ अपुरी आहे, पुढचं लिहा, मी थांबलोय. तातेरावांना वाटलं, यंत्र कार्यवाही करत आहे. ते हात बांधून बसले. यंत्र त्यांच्यासाठी थांबलं होतं आणि ते यंत्रासाठी. दोघांनाही घाई नव्हती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत असंच चाललं, आणि तातेरावांनी डबा उघडताना शेजारच्या टेबलाला सांगितलं, “लई शांत हाय बिचारं. बिलकुल आपल्यावाणी.”

शेवटी फरहानाला राहवलं नाही. तिने ती ओळ संगणकातल्या एका फाइलीत लिहून दिली, प्रिंटरवर तिची प्रत काढून दिली (तातेरावांनी सहीशिवाय काही सादर केलं नसतं), तातेरावांनी प्रतीवर सही केली, जावक क्रमांक टाकला, आणि फाइल चालवली. एका सेकंदात लाल अक्षरं आली. ओळ एक: उघडलेला कंस बंद केलेला नाही.

खाली एक पोतं पडल्याचा आवाज आला.

“काका, शेवटचा कंस राह्यला,” फरहाना म्हणाली. “बस तेवढा लावा, झालं.”

“लावा म्हंजे? कुठं लावा?”

“ओळीच्या शेवटी.”

“ओळ सादर झालीय, बेटा.”

“कुणाला सादर झाली?”

तातेरावांनी मॉनिटरकडे बोट केलं.

इथे तातेरावांची बाजू समजून घेतली पाहिजे. चौतीस वर्षांत त्यांच्या कागदावर एक खाडाखोड सापडली नव्हती. हा त्यांचा एकच खरा अभिमान होता. त्यांच्या उमेदीच्या काळात संघपाल नावाच्या सहकाऱ्याने नोंदवहीतल्या एका तारखेत ७ चा ९ केला होता आणि त्याची दोन वर्षं चौकशी चालली. ९ हाच आकडा बरोबर होता, असं चौकशीत निष्पन्न झालं. शिक्षा मात्र झाली, कारण आरोप चुकीच्या आकड्याचा नव्हताच, खाडाखोडीचा होता. तेव्हापासून तातेरावांनी एक पथ्य पाळलं. सादर झालेल्या कागदाला हात लावायचा नाही. चूक असेल तर शुद्धिपत्रक काढायचं. मूळ चूक जिथल्या तिथे ठेवून खाली वेगळ्या कागदावर लिहायचं की वर अमुक चुकलं आहे, ते तमुक असे वाचावे. चूकही शाबूत राहते, दुरुस्तीही होते, आणि कुणाचा अपमान होत नाही. माणसाने शोधलेल्या सोयींत ही सोय चाकाच्या खालोखाल येते.

त्यांनी फाइलीत मूळ ओळीखाली नवी ओळ लिहून घेतली. ‘शुद्धिपत्रक क्र. १. वरील ओळ क्र. १ च्या अखेरीस कंस बंद केला आहे असे वाचावे. उर्वरित मजकूर कायम.’

यंत्राने एका सेकंदात उत्तर दिलं. ओळ एक: उघडलेला कंस बंद केलेला नाही.

“वाचून नाही राह्यलं का ते?” तातेरावांनी विचारलं.

“वाचून राह्यलंय काका. पण जे हाय तेच वाचतं.”

जे आहे तेच वाचणारा वाचक कार्यालयाला नवीन होता. शुद्धिपत्रक क्र. २ मध्ये भाषा जरा कडक केली. ‘कंस बंद केला आहे असेच वाचावे.’ क्र. ५ मध्ये ‘यापूर्वीच्या सूचनांकडे लक्ष वेधण्यात येते’ ही जोड आली. क्र. ९ पासून प्रत माहितीसाठी साहेबांना जाऊ लागली. यंत्राचं उत्तर दर वेळी तेच. दरम्यान, यंत्राशी पत्रव्यवहार करताना त्याला काय म्हणून संबोधायचं हा प्रश्न उभा राहिला. ते चुका दाखवतं, त्यामुळे वरिष्ठ. पण कार्यालयाच्या टेबलावर बसतं, त्यामुळे कनिष्ठ. राधेश्याम साहेबांनी दोन्ही बाजू ऐकून त्याला ‘समकक्ष (तांत्रिक)’ हा दर्जा दिला. समकक्षाने चूक दाखवलेली असल्यामुळे तातेरावांनी रीतसर त्याच्या खोलीत चहा घेणं बंद केलं.

शुद्धिपत्रक क्र. १६ नंतर यंत्राला कारणे दाखवा नोटीस देण्यात आली. लेखी आदेश वारंवार मिळूनही आपण ओळ क्र. १ आदेशाप्रमाणे न वाचता स्वतःच्या मर्जीप्रमाणे वाचता, तरी आपणाविरुद्ध कार्यवाही का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. नोटीस त्याच फाइलीत टाइप करून चालवण्यात आली. खुलासा एका सेकंदात आला. ओळ एक: उघडलेला कंस बंद केलेला नाही.

साहेबांनी शेरा मारला, ‘खुलासा असमाधानकारक. तथापि मुदतीत.’

खासगीत मात्र साहेबांना यंत्राबद्दल आदर वाटू लागला होता. “ह्याच्याकडून शिका,” ते इतरांना म्हणत. “रोज तेच उत्तर. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई. ह्याला म्हंतेत अनुभव.” नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पत्रव्यवहाराचा सारांश असा होता. मूळ प्रोग्राम एक ओळ. शुद्धिपत्रकं तेवीस. उत्तराचा सरासरी कालावधी: यंत्र एक सेकंद, कार्यालय एक दिवस (हा कार्यालयाचाही विक्रम होता). निष्पन्न काही नाही. आणि समिती नऊ दिवसांवर आलेली.

तातेरावांची झोप उडाली. वाटूरला कल्याणरावांच्या पुतणीचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतं, आणि गोजरबाईंनी त्यासाठी आधीच बहिणीला फोनवर सांगून टाकलं होतं की आमचे हे आता अधीक्षक झाल्यातच जमा.

“काका, एक इचारू?” फरहानाने एका दुपारी विचारलं. “घरी काकूंच्या भाजीत मीठ कमी पडलं तर त्या काय करत्यात? मीठ टाकत्यात का शुद्धिपत्रक काढत्यात?”

तातेरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “ती म्हंती, मीठ बराबर हाय. तुमच्याच जिभेला कमी लागून राह्यलं.”

म्हणजे घरीही खुलासाच मिळत होता. फरहानाने कपाळाला हात लावला आणि ती डबा घेऊन खाली गेली.

खोलीत तातेराव एकटे उरले. समोर त्यांची ओळ होती, तिच्याखाली तेवीस शुद्धिपत्रकांचा डोंगर होता, आणि वर, त्या ओळीच्या शेवटी, उभी रेघ लुकलुकत होती. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. यंत्राने वाचली तशी, म्हणजे जे आहे तेच. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना ते दिसलं. कंस खरोखरच बंद नव्हता. कुणी त्यांचा अपमान करत नव्हतं, कुणी त्यांच्या मागे लागलं नव्हतं. कंस बंद नव्हता, एवढंच. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. मग त्यांनी सगळी शुद्धिपत्रकं पुसली, एका हाताने एक कळ धरून ठेवली, दुसऱ्या हाताने दुसरी दाबून कंस लावला, आणि चौतीस वर्षांतली पहिली खाडाखोड केली.

पडद्यावर आलं: नमस्कार जालना.

लाल नव्हे, साध्या पांढऱ्या अक्षरांत. तातेरावांनी पुन्हा चालवलं. पुन्हा नमस्कार. ते एकामागून एक सतरा वेळा चालवत राहिले आणि सतराही वेळा यंत्राने न कंटाळता नमस्कार केला. आजवर त्यांनी किती साहेबांना नमस्कार केले असतील त्याची गणती नाही. उलट नमस्कार करणारं टेबल त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांना आनंद झाला. उगाच लपवण्यात अर्थ नाही, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं (तुरीच्या भुशामुळेही येतं, पण हे त्यामुळे नव्हतं). फरहाना परत आली तेव्हा ते यंत्राच्या खोलीत बसून चहा पीत होते. त्यांनी मॉनिटर तिच्याकडे वळवला. ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली.

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना समिती आली. तीन सदस्य, अध्यक्ष प्रभावती मॅडम. मॅडम कर्तव्यदक्ष म्हणून प्रसिद्ध होत्या आणि त्यांना दुपारी एक वाजता अंबडला दुसऱ्या समितीवर जायचं होतं. तातेराव नवा शर्ट घालून आले होते. त्यांनी सर्वांसमोर फाइल उघडली, ओळ दाखवली आणि चालवली. नमस्कार जालना.

समिती पडद्याकडे बघत राहिली.

“मंग?” मॅडम म्हणाल्या. “पुढं?”

“झालं, मॅडम.”

“झालं कसं? चूक कुठंय?”

“चूक न्हाई, मॅडम.”

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडमनी बॅगेतून प्रपत्र काढलं. मूल्यमापनाचं प्रपत्र चौदा रकान्यांचं होतं. आढळलेली चूक, चुकीचं स्वरूप, ती कोणाच्या निदर्शनास आली, उमेदवाराने दिलेला खुलासा, खुलासा समाधानकारक आहे काय, नसल्यास दुसरा खुलासा, असे ते रकाने होते. चूकच नसल्यामुळे चौदाही रकान्यांत ‘निरंक’ लिहावं लागत होतं. त्याला हरकत नव्हती. हरकत तळाशी छापलेल्या टिपेची होती: ‘सर्व रकाने निरंक असल्यास प्रपत्र ग्राह्य धरले जाणार नाही.’ हे प्रपत्र याच कार्यालयात छापलेलं होतं. टिपेचा मसुदा सोळा वर्षांपूर्वी तातेरावांनीच केला होता आणि त्या मसुद्याबद्दल तेव्हाच्या साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती.

“हे बघा वाघुंडे,” मॅडम समजुतीने म्हणाल्या, “तुम्ही चूकच केली न्हाई तर चूक निस्तरायची पात्रता तुमच्यात हाय का न्हाई, हे समितीला कळणार कसं? अधीक्षक म्हंजे जबाबदारीचं पद हाय. उद्या चूक झाली तर?”

या युक्तिवादात फट नव्हती. दुसऱ्या सदस्यांनी घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांनी पडद्याजवळ वाकून, चष्मा वर करून ओळ न्याहाळली आणि मार्ग काढला. “हा शेवटचा कंस हाय ना, तेवढा काढा. मंग चूक येईल का?”

“येईल, साहेब,” तातेराव म्हणाले.

“मंग काढा की. आपला फॉर्म जल्दी भरून होतो. तुमचंही काम, आमचंही काम.”

राधेश्याम साहेबांनी मान डोलावली. दारात फरहाना उभी होती. ती मान डोलावत नव्हती, ती नाही म्हणून हलवत होती, पण दार केबिनच्या बाजूला नसल्यामुळे तिच्याकडे तातेरावांशिवाय कुणाचंच लक्ष नव्हतं. तातेरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. ओळ बरोबर होती. समोर बसलेल्या तिघांना ती बरोबर आहे हे कळत होतं, आणि ती बरोबर असल्याचीच त्यांना अडचण होत होती. एक वेळ तातेरावांच्या मनात आलं, की म्हणावं, राहू द्या मॅडम, लिपिक तर लिपिक. शब्द ओठापर्यंत आले. त्याच वेळी कल्याणरावांचा हात खांद्यावर जाणवला, पुतणीच्या मांडवातला, अजून न ठेवलेला. तातेरावांनी बोट पुढे केलं आणि कंस पुसला.

लाल अक्षरं आली. समितीने सुटकेचा श्वास सोडला. मॅडमनी पेनचं टोपण काढलं. आढळलेली चूक: कंस बंद नाही. उमेदवाराचा खुलासा काय, असं विचारल्यावर तातेरावांनी मान खाली घालून सांगितलं, “कंस बंद केला आहे असे वाचावे.” मॅडमना तो खुलासा अत्यंत समाधानकारक वाटला. एक वाजायच्या आत समिती अंबडच्या रस्त्याला लागली.

तातेराव दुसऱ्या दिवसापासून कार्यालय अधीक्षक झाले. ते सात दिवस अधीक्षक होते, त्यातला एक शनिवार आणि एक रविवार. त्या काळात त्यांना एकदा वाटलं की कंस परत लावून टाकावा. पण ती ओळ आता समितीच्या कार्यवृत्ताला जोडलेली होती आणि कार्यवृत्तात खाडाखोड करता येत नाही. फरहानानेही पुन्हा तो विषय काढला नाही. ती त्यांना काकाच म्हणत राहिली, पण आधी ती त्यांच्याकडे बघून म्हणत असे.

पुढे ही ओळ यशस्वी पदोन्नतीचा एकमेव उपलब्ध नमुना म्हणून जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांना पाठवण्यात आली, अर्थात कंसाशिवाय. प्रत्येक तालुक्यात नवशिके ती जशीच्या तशी टाइप करतात, लाल अक्षरं येतात, आणि शुद्धिपत्रकं सुरू होतात. शुद्धिपत्रकाच्या कोऱ्या फॉर्मची मागणी चौपट झाली असून कार्यालयाला एक वाढीव पद मंजूर झालं आहे. वार्षिक अहवालात ‘जिल्ह्यात संगणकभाषेचा वापर दैनंदिन पत्रव्यवहारात रुळला’ असं नमूद आहे, आणि ते अक्षरशः खरं आहे.

वाटूरच्या लग्नात कल्याणरावांनी तातेरावांच्या खांद्यावर हात ठेवला. “हे आमचे साडू. अधीक्षक हायेत,” ते म्हणाले. गोजरबाईंनी ते बायकांच्या बाजूने ऐकलं आणि बहिणीकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते कानावर पडलं, तेव्हा तातेरावांना काहीच वाटलं नाही. ते हसले, सवयीने. रात्री मात्र जेवले.

तातेरावांनी कंस काढायला नको होता, असं आपल्यापैकी पुष्कळांना वाटलं असेल. ही भावना योग्यच आहे. कार्यालयाने तिची दखल घेऊन वाचकांसाठी स्वतंत्र प्रपत्र छापलं आहे. रकाने तीनच आहेत. एक, आपलं नाव. दोन, आपलं बरोबर आहे हे ठाऊक असताना वरिष्ठांनी ते चुकवायला सांगितलं, असा आपल्या आयुष्यातला प्रसंग. तीन, त्या प्रसंगी आपण चुकवलं नाही, याचा पुरावा. तिसरा रकाना भरता येत नसेल तर संकोच करू नये, तिथे निरंक लिहावं. आजवर आलेले सगळे फॉर्म तसेच आहेत, आणि त्यातला एकही परत पाठवलेला नाही.